अ‍ॅनिमे बघून मन भरत नाही, आता पैसे कशावर घालू: फिगर, लाइट नॉव्हेल की ब्राउझर गेम?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) बघून झालं तरी ती पात्रं डोक्यातून जात नाहीत, महिन्याला दोन-तीन हजार बाजूला पडतात, ते फिगरवर (पात्रांच्या छोट्या मूर्तींवर) घालावेत, लाइट नॉव्हेलवर (बरेच अ‍ॅनिमे ज्यांवरून बनतात त्या सचित्र जपानी कादंबऱ्यांवर) की जपानी ब्राउझर गेमवर? आणि घरचे म्हणतात, प्लॅस्टिकच्या बाहुल्यांवर पैसे उडवू नकोस.

मला तिन्हींचा नाद आहे आणि माझं उत्तर ठाम आहे. आधी पुस्तकं घ्या. मग फिगर एकच घ्या, पण अस्सल. गेमवर पैसे घालूच नका, वेळ मात्र जरूर द्या.

पुस्तकं आधी, कारण गोष्ट तिथे पूर्ण असते. अ‍ॅनिमे चार-पाच खंडांपर्यंत येऊन थांबतो आणि पुढचा सीझन कधी येईल याचा भरवसा नसतो. ‘स्पाइस अँड वुल्फ’ घ्या. इसुना हासेकुरा यांचा पहिला खंड 2006 साली देंगेकी बुन्को या पुस्तकमालेतर्फे आला. 2008 आणि 2009 च्या अ‍ॅनिमेत पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा खंड घेतला. चौथा चक्क गाळला. मुख्य कथा संपते सतराव्या खंडात. म्हणजे तो जुना अ‍ॅनिमे जीव लावून बघितलेल्यांनाही फिरता व्यापारी लॉरेन्स आणि लांडगा-देवता होलो यांचं शेवटी काय झालं हे ठाऊक नाही. 2024 पासून नव्याने अ‍ॅनिमे सुरू झाला तोही पुन्हा पहिल्या खंडापासून.

आणि पडद्यावर न मावणारं पुस्तकात बरंच असतं. पहिल्या खंडातला पेच चांदीच्या नाण्याचा आहे. एक पोरगेला व्यापारी लॉरेन्सला सांगतो की अमुक नाण्यातली चांदी वाढणार आहे, आत्ताच साठवून ठेव. होलो जुनी-नवी नाणी हातात खुळखुळवते आणि आवाजावरून ओळखते की चांदी उलट कमी होत चालली आहे. मग घसरणारं नाणं गोळा करण्यात कुणाचा काय फायदा? लॉरेन्स हे कोडं पानंच्या पानं मनात सोडवत बसतो. अ‍ॅनिमेत हा भाग पटकन सरकतो. पुस्तकात तुम्ही त्याच्याबरोबर हिशेब करता, मागची पानं चाळता, आणि उलगडा झाला की खरंच अंगावर काटा येतो.

जपानी मूळ प्रती ‘बुन्को’ आकाराच्या, म्हणजे ए-6, खिशात मावणाऱ्या असतात. सुरुवातीला गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रं, आत अधूनमधून काळी-पांढरी. इंग्रजी अनुवाद बहुतेक येन प्रेसचे असतात. ते आकाराने मोठे आणि महागही आहेत, पण तुमच्या पैशांत महिन्याला एक खंड आरामात बसेल. घरात जागा नसेल तर बुकवॉकरवर ई-पुस्तक घ्या, तिथे वरचेवर सवलत असते.

आता फिगर. घरच्यांच्या बोलण्याला मी इथेच उत्तर देईन. ती बाहुली नाही, शिल्प आहे. आधी एक शिल्पकार नमुना घडवतो. तो बरेचदा चिबा शहरातल्या माकुहारी मेस्से या प्रदर्शन केंद्रात वर्षातून दोनदा भरणाऱ्या वंडर फेस्टिव्हल या फिगरच्या मेळ्यात बिनरंगाचा, नुसता करड्या रंगात मांडतात. रंगवलेला नमुना त्यानंतर येतो, मग प्रीऑर्डर, म्हणजे आगाऊ नोंदणी, सुरू होते, आणि वस्तू हातात पडायला कधीकधी वर्ष लागतं. एखादी 1/7 प्रमाणातली, म्हणजे पात्राच्या उंचीच्या सातव्या भागाएवढी, फिगर जवळून बघा. केसांची टोकं अर्धपारदर्शक असतात, घडीच्या आत सावलीचा रंग वेगळा दिलेला असतो, आणि डोळ्यांत तीन-चार थर इतके नेमके छापलेले असतात की केसभर सरकले तर चेहराच बदलेल.

नकली माल नेमका डोळ्यांतच पकडता येतो. बुबुळं किंचित वेगवेगळ्या दिशांना, गालांवर तेलकट चकाकी, केसांच्या जोडावर उघडी फट, खोक्यावर कंपनीचं नाव गायब किंवा छपाई धुरकट. आपल्याकडे रस्त्यावर आणि ऑनलाइन हजार-बाराशेला जी ‘स्केल फिगर’ मिळते ती जवळपास नेहमी नकली असते. 1/7 ची अस्सल फिगर आता वीस हजार येनच्या आसपास जाते. तुमच्या बजेटात बसतात त्या प्राइझ फिगर, म्हणजे जपानमधल्या क्रेन गेममध्ये बक्षीस म्हणून ठेवतात त्या. काम थोडं साधं असतं, पण वस्तू अस्सल. दोन महिने साठवलंत तर नेंडोरॉइड: दहा सेंटिमीटर उंच, मोठं डोकं, बदलता येणारे चेहरे. हातपाय हलवता येणारी हवी असेल तर फिग्मा. फिग्मा मालिकेतली पहिलीच फिगर 2008 सालची युकी नागातो, म्हणजे लाइट नॉव्हेलमधलीच, सदा पुस्तकात डोकं घालून बसलेली मुलगी. मला हे फार आवडतं.

जपानी दुकानांतून सेकंडहँड घ्यायला बिचकू नका. अमिअमीसारखं दुकान वस्तूची आणि खोक्याची अवस्था वेगवेगळी लिहितं. खोकं चेपलेलं पण फिगर उत्तम असेल तर बऱ्याच स्वस्तात मिळते. मात्र टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा. भारताने खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 साली 70 टक्के केलं, त्यामुळे पार्सलवर किती लागेल याची तयारी ठेवलेली बरी.

मुंबई-ठाण्याकडे राहत असाल तर हवेचीही काळजी घ्या. फिगरचं पीव्हीसी प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी त्यात मिसळलेलं द्रव्य उष्म्याने पृष्ठभागावर येतं. मे महिन्यात बंद खोक्यातून काढलेली फिगर हाताला चिकट लागते ती त्यामुळेच. ती खराब झालेली नसते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका, मऊ ब्रशने हलकेच धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. खिडकीतलं ऊन मात्र कधीच नको, रंग उडतो आणि पांढरा भाग पिवळा पडतो.

राहिले ब्राउझर गेम. 2013 साली डीएमएम या जपानी साइटवर युद्धनौकांचा ‘कान्ताई कलेक्शन’ आला आणि लाटच उसळली. पण ही गोष्ट सर्व्हर चालू असेपर्यंतची. 2020 अखेर फ्लॅश हे ब्राउझरमध्ये गेम चालवणारं सॉफ्टवेअर बंद झालं तेव्हा त्यावर बांधलेले कितीतरी गेम गेले; ‘कान्ताई’ 2018 मध्येच एचटीएमएल-5 या नव्या तंत्रावर गेला म्हणून टिकला. शिवाय यातले बरेच गेम जपानबाहेरून सरळ उघडतही नाहीत. म्हणून पैसे नकोत म्हटलं.

वेळ द्या म्हणते ते 2015 च्या ‘तोकेन रान्बु’मुळे. त्यात इतिहासातल्या प्रसिद्ध तलवारी तरुण योद्ध्यांच्या रूपात येतात. त्यातली एक शोकुदाइकिरी मित्सुतादा, दाते मासामुने या सरदाराची. 1923 च्या कान्तो भूकंपाच्या आगीत ती नष्ट झाली असंच बहुतेकांना वाटत होतं. गेम खेळणाऱ्यांनी मितो शहरातल्या तोकुगावा संग्रहालयाकडे चौकशा सुरू केल्या, आणि तलवार तिथे होती! जळून काळी पडलेली, धारेवरची नक्षी गेलेली, पण जपून ठेवलेली. 2015 सालीच ती लोकांना बघायला ठेवली. होतारुमारू नावाची दुसरी तलवार दुसऱ्या महायुद्धानंतर हरवली होती. ती नव्याने घडवण्यासाठी लोहारांनी त्याच वर्षी वर्गणी मागितली, तर ठरवलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे आले. मूळ तलवारीची आख्यायिका अशी की लढाईत तिच्या धारेला खांडे पडले, आणि रात्री मालकाला स्वप्न पडलं की काजवे येऊन त्या खांड्यांवर बसले. सकाळी धार अखंड होती.

गेम उघडला नाही तरी या तलवारींबद्दल वाचा, संग्रहालयांनी टाकलेले फोटो बघा. त्याला एक पैसाही लागत नाही.

तुमचं सगळ्यात आवडतं अ‍ॅनिमे कुठलं ते खाली लिहा. ते लाइट नॉव्हेलवरून आलेलं असेल तर कुठल्या खंडापासून पुढे वाचायचं ते सांगते.