‘सिझल’ची चरचर

धरमपेठेतल्या एक स्नेही बाई इंग्रजी पाककृतींचे मराठीकरण करतात. ‘लेट द अनियन्स सिझल’ या वाक्यापाशी त्या अडल्या. कोशात ‘सिझल’पुढे ‘फुसफुसणे’ असा प्रतिशब्द मिळाला, म्हणून त्यांनी ‘कांदे फुसफुसू द्या’ असे लिहिले, आणि ते वाचून त्यांचे त्यांनाच हसू आले. या क्रियापदाचा नेमका अर्थ काय आणि त्याच्यासाठी ‘तडतडणे’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उच्चार सांगतो: यातला ‘झ’ ‘झाड’मधला आहे. कोशाचीही बाजू घेतली पाहिजे, कारण सतराव्या शतकापासून इंग्रजीत आढळणारे हे क्रियापद फुसकारण्याच्या अर्थाच्या एका जुन्या ध्वन्यनुकारी शब्दावरून आले असावे, असे व्युत्पत्तिकार मानतात. परंतु ‘फुसफुस’ हा नुसता वारा सुटण्याचा आवाज आहे. सायकलच्या नळीतून हवा जाते तेव्हाही तो येतो. ‘सिझल’मध्ये उष्णता हवी आणि ओलही हवी. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते आणि पाणी १०० अंशांनाच उकळते, त्यामुळे कांद्यातले पाणी तेलाला भिडताच त्याची वाफ होते, ती मूळ पाण्याच्या १६०० पटींहून अधिक जागा व्यापू पाहते आणि तेलातून बुडबुड्यांनी बाहेर पडताना तो अखंड आवाज करते. पदार्थातली ओल संपत आली की आवाजही ओसरतो; भजी तळणारी बाई कढईकडे पाठ असतानाही घाणा काढायची वेळ ओळखते, ती यामुळेच.

‘तडतडणे’ येथे बसत नाही. मोहरीचा एकेक दाणा सुटा फुटतो आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. त्याला इंग्रजी पाककृतींत ‘स्प्लटर’ किंवा ‘पॉप’ म्हणतात. ‘सिझल’चा आवाज सलग असतो, आणि त्याला आपल्याकडे ‘चरचरणे’ हा शब्द आहे. खात्री करून घ्यायची असेल तर गोळाभाताच्या पंगतीत बसावे. वाफाळत्या भातावर डाळीचा गोळा कुस्करलेला असतो, वाढणारी मोहरी-हिंगाची फोडणी घातलेले कढत तेल पळीने वरून सोडते, आणि मोहरीची तडतड कढल्यातच संपलेली असल्यामुळे पानावर केवळ ‘चर्र’ एवढेच ऐकू येते.

हा ‘चर्र’ आणि ‘चरचर’ यांतला फरक भाषांतरात सांभाळावा लागतो. आवाज एकदाच झाला तर आपण ‘चर्र’, ‘चर्रकन’, ‘चर्रदिशी’ म्हणतो. तो चालू राहिला तर मूळ ध्वनीची द्विरुक्ती करून ‘चरचर’ आणि पुढे ‘-णे’ लावून क्रियापद करतो. इंग्रजी हे काम बहुधा शेवटच्या ‘-ल’वर सोपवते: ‘क्रॅक’ एकदाचा, ‘क्रॅकल’ पुन्हापुन्हाचा, ‘स्पार्क’ एक ठिणगी, ‘स्पार्कल’ सततची चमक. ‘सिझल’चा शेवटही त्याच जातीचा आहे. त्यामुळे एका थेंबाच्या आवाजाला ‘चर्र’ पुरे, पण परतत राहिलेल्या कांद्याला ‘चरचर’च हवी.

खरी अडचण लाक्षणिक अर्थात येते. इंग्रजीत ‘सिझलिंग’ हे बहुतेक वेळा कौतुक असते. मैफल, नृत्य, फलंदाजी, काहीही ‘सिझलिंग’ होऊ शकते. मराठीत हीच चरचर शरीरात शिरली की वेदना होते. जखमेला औषध लागले की ती चरचरते, साबण गेला की डोळे चुरचुरतात आणि वाईट बातमी ऐकून काळजात चर्र होते. म्हणून ‘तिच्या नृत्याने रंगमंच चरचरला’ असे कोणी लिहिले तर वाचकाला आग लागल्याचा संशय येईल.

कौतुकासाठी मराठीने वेगळी सोय केली आहे, आणि ती मला फार आवडते: ध्वनीच्या शब्दाला ‘-ईत’ जोडायचे. फोडणी ‘चरचरीत’, नाणे ‘खणखणीत’, चकली ‘कुरकुरीत’. इथपर्यंत कान साक्षीला असतो. पुढे ध्वनी मागे पडतो आणि गुण उरतो. सावजीचा रस्सा ताटात मुळीच आवाज करत नाही, तरी तो ‘झणझणीत’ असतो. निवडणुकीतला विजय ‘दणदणीत’ असतो, आणि इंग्रजीतही त्याला ‘थंपिंग’ असेच आवाजी विशेषण लागते. ‘सिझलिंग’साठी मात्र एकच शब्द शोधू नये. भाषण किंवा लेख असेल तर ‘चुरचुरीत’ शोभेल, फलंदाजी असेल तर ‘तडाखेबंद’.

बाईंनी जाता जाता वर्तमानपत्रातल्या ‘नागपूर सिझल्स’ या मथळ्याचाही उल्लेख केला आहे. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, तेव्हा मथळ्यात अतिशयोक्ती आहे असे नागपूरकर तरी म्हणणार नाही. तथापि ‘नागपूर चरचरले’ हे मराठी नव्हे. डांबरी रस्त्यावर अनवाणी पाय चर्र भाजतो. शहर मात्र ‘होरपळते’ किंवा ‘भाजून निघते’, आणि ऊन ‘रणरणते’.

मूळ वाक्याकडे येतो. ‘कांदे चरचरू द्या’ व्याकरणाने शुद्ध असले तरी पाककृतीत ते इंग्रजीची आज्ञा वाटते. ‘कांदा तापल्या तेलात घालावा आणि त्याची चरचर ओसरेपर्यंत परतावा’ असे मी लिहीन. मूळ लेखकाला कांदा केवळ चरचरायला लागणे अपेक्षित असेल, तर ‘चरचर सुरू झाली की आच मंद करावी’ असे लिहीन. तापलेल्या लोखंडी थाळीवर धूर काढत टेबलावर येणारा ‘सिझलर’ मात्र सिझलरच राहू द्यावा. ‘चरचरी’ या नावाने तो सीताबर्डीत कोणी मागवणार नाही.