बोपण्णा वाट बघत बसला नव्हता

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर बोललो असतो तर अर्धं राहून गेलं असतं, म्हणून सवडीने लिहितो आहे. टेनिसच्या सिंगल्समध्ये तू पहिल्या-दुसऱ्या फेरीत बाहेर पडतेस, डबल्समध्ये मात्र सेमीफायनल-फायनलपर्यंत जातेस. मग डबल्सकडे वळणं म्हणजे हार मानणं का, हा तुझा पहिला प्रश्न. आणि किती वर्षं धीर धरायचा, हा दुसरा. त्याच्याखाली तू लिहिलंस, "सर, बोपण्णा त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्स जिंकला, मग मीही अजून वाट बघू शकते ना?"

हे वाक्य वाचून मी लिहायला बसलो. आपला टेनिसपटू रोहन बोपण्णा, त्याने १ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्ती जाहीर केल्यापासून सगळीकडे तेच चाललंय. धीर, चिकाटी, सब्र का फल. पण तो वाट बघत बसला नव्हता गं. त्याची कारकीर्द जवळून पाहिलीस तर दर काही वर्षांनी त्याने काहीतरी मोडून नव्याने बसवलेलं दिसेल. तुला त्याच्याकडून घ्यायचं असेल तर ते घे.

कूर्गमधल्या कॉफी पिकवणाऱ्या घरातला मुलगा. निवृत्तीच्या निरोपात त्याने स्वतःच लिहिलं आहे की सर्व्हिसला ताकद यावी म्हणून लाकडं फोडली, दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यांतून धावला, आणि भेगा पडलेल्या कोर्टांवर खेळला. पोरवयात काही काळ तो आपल्या पुण्यातही होता, नंदन बाळ सरांकडे शिकायला. सहा फूट चार इंच उंची, एका हाताचा बॅकहँड आणि तोफेसारखी सर्व्हिस. २००२ साली तो भारताकडून डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधली सांघिक स्पर्धा, खेळला, २००३ मध्ये व्यावसायिक झाला. त्याचं सिंगल्समधलं सर्वोत्तम रँकिंग किती होतं माहीत आहे? २१३. २००७ साली. त्यापुढे ते कधी गेलं नाही.

२१३ म्हणजे जगातल्या अब्जावधी माणसांत २१३वा, ही काही लहान गोष्ट नाही. पण टेनिसचा हिशोब निर्दय आहे. ग्रँडस्लॅम म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, त्यांच्या मुख्य ड्रॉमध्ये थेट जागा साधारण पहिल्या शंभर जणांना मिळते. दोनशेच्या आसपासचा खेळाडू चॅलेंजर म्हणजे खालच्या पातळीच्या स्पर्धांमध्ये विमानाचं तिकीट, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटचं गटिंग यांतच पैसे घालवून बसतो. तिथे बोपण्णाने स्वतःच्या खेळाकडे डोळे उघडून पाहिलं. आपली सर्व्हिस कोणाहीपेक्षा कमी नाही, नेटवर आपला हात चालतो, पण बेसलाइनवर पाच-पाच तास धावण्याची लढाई आपली नाही. आणि त्याने डबल्स हाच आपला मुख्य खेळ केला. युकी भांबरीचंही तसंच झालं. सिंगल्समध्ये ८३व्या क्रमांकापर्यंत जाऊन आलेला हा मुलगा दुखापतींनी गांजला, डबल्सकडे वळला आणि २०२५च्या यूएस ओपनमध्ये मायकल व्हीनसच्या साथीने सेमीफायनलला पोचला. यांतल्या कोणाला हरलेला म्हणशील?

आता एक गोष्ट मात्र नीट ऐक. तू अजून अठराची आहेस. सिंगल्स आत्ताच सोडू नकोस. मागच्या बाजूला उभं राहून दहा-दहा शॉट्सच्या रॅली खेळल्यावर पायाला जे कळतं ते डबल्समध्ये कळत नाही. बोपण्णालासुद्धा सिंगल्स एकदा असं उपयोगी पडलं की देश विसरणार नाही. २०१० साली चेन्नईत डेव्हिस कपमध्ये ब्राझीलने आपल्याविरुद्ध पहिल्या दिवशीच २-० आघाडी घेतली होती. लिअँडर पेस-महेश भूपतीने डबल्स जिंकलं, सोमदेव देववर्मनच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली आणि २-२ झालं. पाचवा सामना बोपण्णाकडे आला. समोर रिकार्डो मेलो, रँकिंगमध्ये त्याच्या कितीतरी पुढे. बोपण्णाने त्याला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. सर्व्हिस आणि नेट, बस्स. ज्या गोष्टी त्याने डबल्ससाठी घासून ठेवल्या होत्या त्याच त्या दिवशी सिंगल्समध्ये कामाला आल्या.

तुझ्या डबल्सबद्दल सांगतो, कारण तू त्याला सोपा खेळ समजतेस असं मला वाटतं. ग्रँडस्लॅम सोडून बाकीच्या व्यावसायिक दौऱ्यावर डबल्समध्ये चाळीस-चाळीस झाले की ॲडव्हान्टेज नसतो. एकच पॉइंट, गेम कोणाचा ते ठरलं. एक-एक सेट झाला की तिसरा सेटही नाही, दहा पॉइंटांचा टायब्रेक. म्हणजे दीड तासाची मेहनत दोन वाईट पॉइंटांत वाहून जाऊ शकते. अशा खेळात वर्षानुवर्षं पहिल्या वीस-तीस जणांत राहणाऱ्याच्या डोक्यात काय शिस्त असेल, विचार कर.

तुझा परवाचा सामना मी कुंपणाबाहेरून पाहिला. मधून बॉल आला की तू आणि तुझी पार्टनर एकमेकींकडे बघता. तेवढ्यात बॉल गेलेला असतो. मधला बॉल कोणाचा हे सर्व्हिसच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे, बॉल आल्यावर नाही. दुसरं, तुझी पार्टनर सर्व्हिस करते तेव्हा तू नेटवर पुतळ्यासारखी उभी असतेस. पाठीमागे हात नेऊन खूण तर करतेस, पण खुणेप्रमाणे हलत नाहीस. रिटर्न मारणाऱ्या मुलीला दोन गेमांत कळलं की तू जागची हलणार नाहीस, आणि मग ती निवांतपणे क्रॉसकोर्ट मारत राहिली. चार वेळा पोच मारून, म्हणजे आडवी जाऊन पार्टनरकडे जाणारा बॉल नेटवरच मारून, दोनदा चुकलीस तरी चालेल. तिला तुझ्याकडे बघावं लागलं पाहिजे. बोपण्णाचे जुने सामने बघायला बसशील तेव्हा तो स्वतः बॉल मारत नसताना काय करतो तेवढंच बघ. अर्धं डबल्स तिथे आहे.

आता त्या त्रेचाळीस वर्षांबद्दल.

२०१०च्या यूएस ओपनमध्ये पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर तो फायनलला गेला. ब्रायन बंधूंनी त्यांना दोन टायब्रेकमध्ये हरवलं. पुढे २०१७ साली कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्हस्कीबरोबर फ्रेंच ओपनचं मिक्स्ड जिंकला, पण पुरुष डबल्सचं ग्रँडस्लॅम हाती लागेना. आणि २०२१ उजाडलं. जवळजवळ पाच महिने तो एकही सामना जिंकला नाही. गुडघ्यांतली कूर्चा तर आधीपासूनच झिजून संपलेली, वेदनाशामक गोळ्याही घेऊन झालेल्या. त्याने नंतर सांगितलं आहे की तेव्हा बायकोला व्हिडिओ पाठवला होता, आता मी थांबतो म्हणून.

थांबला असता तरी मी त्याला कमी मानलं नसतं, हे आधी सांगतो. पण तो थांबला नाही, आणि आधीसारखा चालतही राहिला नाही. अय्यंगार योग त्याने कोविडच्या त्या काळात मनावर घेतला. ही पद्धत बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात राहून जगभर पोचवली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या लावून शरीर एकेका आसनात बराच वेळ धरून ठेवायचं. वरून पाहणाऱ्याला त्यात काही घडतंय असं वाटणारही नाही. पण मांडीचे, कमरेचे स्नायू असे तयार होतात की गुडघ्यावरचा भार वाटला जातो. गोळ्या सुटल्या, चालणं सुधारलं. चाळिशीच्या माणसाने जिममध्ये आणखी वजनं उचलण्याऐवजी हळू, कंटाळवाणं, अचूक काम निवडलं. तू मागच्या वर्षी घोटा मुरगळल्यावर फिजिओने दिलेले व्यायाम तीन आठवड्यांत सोडलेस ना? त्याबद्दल मी तुला आज पुन्हा रागावतो आहे असंच समज.

मग २०२३ साली त्याने ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एबडनबरोबर जोडी जमवली. पुरुष डबल्सचं ग्रँडस्लॅम जिंकेपर्यंत ग्रँडस्लॅम स्पर्धांमध्येच त्याचे एकोणीस पार्टनर झाले होते. एकोणीस! काहींशी पटलं, काहींशी नाही, काही जोड्या रँकिंगच्या गणिताने तुटल्या, कारण डबल्समध्ये प्रवेश दोघांचं रँकिंग मिळून ठरतो. तू एका पार्टनरशी भांडण झालं म्हणून आठवडाभर सरावाला आली नव्हतीस. पार्टनर बदलतात, बदलू देत. जाताना तोंड गोड ठेवायचं, कारण पुढच्या वर्षी ड्रॉमध्ये तीच समोर असेल, नाहीतर पुन्हा तुझ्याच शेजारी.

त्याच वर्षी यूएस ओपनच्या फायनलमध्ये जे झालं ते मला ट्रॉफीहूनही मोठं वाटतं. समोर राजीव राम आणि जो सॅलिसबरी. निर्णायक सेट चालू. एक पॉइंट बोपण्णा-एबडनच्या बाजूने गेला, आणि बोपण्णाने स्वतःहून पंचांना सांगितलं की बॉल माझ्या हाताला निसटता लागला होता. पंचांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. पॉइंट समोरच्यांना गेला, आणि शेवटी सामनाही गेला, ६-२, ३-६, ४-६. पुरुष डबल्सचं ग्रँडस्लॅम एकदाही न जिंकलेला त्रेचाळीस वर्षांचा माणूस, कदाचित शेवटची संधी, आणि त्याने हे केलं. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये लाइन कॉल, म्हणजे बॉल आत की बाहेर, हा खेळाडूंनीच द्यायचा असतो तेव्हा काय काय चालतं ते मी बघतो. पालक कुंपणाबाहेरून खुणा करतात. तू तसं कधी केलेलं नाहीस, म्हणूनच तुला हे पत्र लिहायला मला आवडतं आहे.

पुढच्याच महिन्याच्या तोंडावर होआंगचौच्या आशियाई स्पर्धेत युकीबरोबर तो सोन्याचा दावेदार होता, आणि ही जोडी दुसऱ्याच फेरीत बाहेर गेली. त्यानंतर मिक्स्डमध्ये त्याच्या शेजारी होती आपली ऋतुजा भोसले. फायनलमध्ये चायनीज तैपेईविरुद्ध पहिला सेट २-६ गेला. मग ६-३, आणि टायब्रेक १०-४. सुवर्ण. ऋतुजाचा तो सामना नक्की बघ. सुरुवातीला ती चुकते आहे, आणि मोठा खेळाडू शेजारी असल्याचं दडपण येऊ न देता पुढे पुढे मोकळी होत जाते. तुला कधी तुझ्याहून मोठ्या खेळाडूबरोबर खेळायची संधी आली तर ‘मी नको, लाज जाईल’ म्हणू नकोस.

आणि मग जानेवारी २०२४, मेलबर्न, ऑस्ट्रेलियन ओपन. क्वार्टरफायनल जिंकली तेव्हाच डबल्सचा जागतिक क्रमांक एक पक्का झाला. पहिल्यांदाच, त्रेचाळिसाव्या वर्षी. २७ तारखेला फायनलमध्ये इटलीच्या बोलेल्ली आणि वावासोरी यांना ७-६, ७-५ हरवलं. पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये समोरच्यांना एकही पॉइंट दिला नाही. पुरुष डबल्सच्या ग्रँडस्लॅममधला हा त्याचा एकसष्टावा प्रयत्न होता. त्या वयात असं विजेतेपद ओपन युगात, म्हणजे १९६८पासून, कोणा पुरुषाने मिळवलेलं नव्हतं. मार्चमध्ये मायामीची स्पर्धाही जिंकली.

आता ‘किती वर्षं’ या प्रश्नाकडे येतो. मी तुला वर्षं सांगणार नाही. दर सहा महिन्यांनी बसून आपण एवढंच बघू: या काळात तू तुझ्या खेळात काय बदललंस? सर्व्हिसचा टॉस, घोट्याचे व्यायाम, पार्टनर, काहीतरी. बदल दिसत असतील तर निकाल उशिरा लागला तरी मी तुझ्या बाबांना समजावून सांगेन. काहीच बदललेलं नसेल आणि तू नुसती स्पर्धांच्या फॉर्मवर सह्या करत असशील, तर थांबायला मीच सांगेन. घरातले पैसे त्यात चाललेत, हे तुलाही माहीत आहे. शिक्षण सोडायचं नाही, हे तर आपलं आधीच ठरलंय. ऋतुजाने अमेरिकेत कॉलेज टेनिस खेळत शिक्षण केलं. तो रस्ता तुझ्यासाठीही उघडा आहे, आणि डबल्स चांगलं खेळणारी मुलगी तिकडच्या संघांना हवी असते.

बोपण्णा थांबला तोही एका झटक्यात नाही. २०२३च्या सप्टेंबरमध्ये लखनऊला मोरोक्कोविरुद्ध डेव्हिस कपचा निरोप. पॅरिस ऑलिंपिकमध्ये श्रीराम बालाजीबरोबर पहिल्याच फेरीत हरल्यावर भारतासाठीची शेवटची लढत झाल्याचं सांगितलं. दौऱ्यावर मात्र खेळत राहिला, आणि २०२५च्या सप्टेंबरात टोकियोला जपानच्या ताकेरू युझुकीच्या साथीने फायनलला पोचला. शेवटचा सामना पॅरिस मास्टर्समध्ये, अलेक्झांडर बुब्लिकबरोबर, पहिल्याच फेरीत. ५-७, ६-२, आणि टायब्रेक ८-१० असा गेला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस दोन पॉइंटांनी हरून घरी गेला. त्याचं वाईट मला वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने जे लिहिलं त्यात तक्रारीचा शब्द नव्हता.

आता कामाचं. सोमवारपासून आठवड्यातले दोन दिवस फक्त डबल्स. पार्टनरलाही घेऊन ये, तिच्या घरी मी बोलतो. पहिले पंधरा दिवस ‘टी’वर, म्हणजे सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेच्या टोकाला, सर्व्हिस आणि त्यानंतरची पहिली व्हॉली, एवढंच करायचं, सामना नाही. बाकीचे चार दिवस सिंगल्स जसं चालू आहे तसं. आणि फिजिओने दिलेला कागद शोधून आण. हरवला असेल तर नवा आणायला मी तुझ्याबरोबर येतो.

तुझे सर