आईच्या रक्तातले सोडियम १२६ आले आहे. जेवणातले मीठ वाढवले तर ते भरून निघेल का?

आपल्या आईंचे वय ७२ आहे, रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ आहे, मुंबईच्या उकाड्यामुळे त्या दिवसभर पाणी पितात आणि जेवण मात्र चहा-बिस्किटे व भाताच्या पेजेवर आले आहे, असे आपण लिहिले आहे. मी मुंबईत फिजिशियन आहे. माझ्या मते कारण या तपशिलांतच असावे, मिठाच्या डब्यात नव्हे.

रिपोर्टमधला आकडा शरीरात एकूण सोडियम किती आहे ते सांगत नाही, तर एका लिटरमागे किती आहे ते सांगतो (सर्वसाधारणपणे १३५ ते १४५). आमटीत पाणी जास्त झाले की घातलेले मीठ तेवढेच असूनही ती अळणी लागते, तसेच हे आहे. जादा पाणी मूत्रपिंडाने बाहेर टाकायला हवे. परंतु त्या ‘एच’चा अर्थ बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असा असतो, आणि हे औषध लघवीवाटे सोडियम घालवते, शिवाय लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडाची क्षमताही कमी करते. त्यात आहाराची भर पडते: पाणी बाहेर टाकताना मूत्रपिंडाला सोबत क्षार आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया लागतो, त्यामुळे डाळ, अंडी, दूध जवळजवळ बंद झालेल्या वृद्ध व्यक्तीला बेताचे पाणीसुद्धा जास्त होऊ शकते. नातेवाईक प्रेमाने शहाळे आणतात, पण त्यात सोडियम रक्तापेक्षा खूपच कमी असते.

मीठ आपल्या मनाने वाढवू नका. हृदय किंवा यकृताच्या विकारात त्याने सूज वाढते. गोळी थांबवायची का आणि पाणी किती द्यायचे, हे डॉक्टरांना आजच विचारा. रक्तातील साखर, थायरॉइड, तसेच लघवीतील सोडियम व ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट वा पातळ आहे याचे माप) या तपासण्या ते बहुधा सांगतील. बोलण्यात असंबद्धता, उलट्या, गुंगी किंवा झटके दिसले तर मात्र थेट रुग्णालय गाठा.

तेथे दाखल करावे लागल्यास एक गोष्ट ध्यानात असू द्या. मेंदूच्या पेशी कमी सोडियमशी दोन-तीन दिवसांत जुळवून घेतात, आणि नंतर ते झपाट्याने वाढवल्यास मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते; म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा अधिक वाढ होऊ दिली जात नाही. पहिल्या दिवशी १२६ चे १३१ झाले, तर सलाइनचा वेग वाढवण्याचा आग्रह धरू नका.