जोझे कोर्ती कोण होते? पुस्तकविक्रेते की प्रकाशक?

दोन्ही. पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग बागेसमोर, र्‍यू द मेदिसीवर ११ नंबरला त्यांचं दुकान होतं. तिथेच विक्री, तिथेच प्रकाशन. जन्म १८९५चा, मूळ आडनाव कोर्तिकियातो. सुरुवातीला सर्रिअलिस्ट मंडळींची, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनाला वाट देणाऱ्या साहित्य-कला चळवळीतल्या लोकांची, पुस्तकं काढली, विकली.

खरं नाव झालं ते फ्रेंच लेखक ज्युलियाँ ग्राकमुळे. गालिमार या बड्या प्रकाशनसंस्थेने परत पाठवलेली त्याची पहिली कादंबरी कोर्तींनी १९३८ साली छापली आणि ग्राक आयुष्यभर त्यांना धरून राहिला. १९५१ साली त्याला गोंकूर हा फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार जाहीर झाला, तर पठ्ठ्याने तो चक्क नाकारला! प्रकाशकाचं ब्रीदही तसंच: ‘रिअँ द कोमँ’, म्हणजे ‘कशाशीच साम्य नाही’.

त्यांच्या पुस्तकांची पानं न कापलेली असत. सुरी घेऊन एकेक घडी फाडत वाचायचं. आज कुणी असं पुस्तक हातात दिलं तर आपण सदोष प्रत म्हणून परत करू.

कोर्तींचा एकुलता एक मुलगा दोमिनिक नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. १९४४ साली नाझींनी पकडून नेला, तो परतलाच नाही. कोर्ती मात्र १९८४ साली वारले, नाताळच्या दिवशी. आठवणींचं पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षी आलं होतं.