पेप्सीचे 70 लाख पॉइंट भरून लढाऊ विमान मागणाऱ्या तरुणाला विमान मिळालं का?

नाही मिळालं; 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने दावा साक्षीपुराव्यापर्यंत न जाऊ देताच निकाली काढला आणि 2000 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. पेप्सीच्या बाटल्या-कॅनवरचे पॉइंट जमवून वस्तू मिळवायच्या, अशी ती योजना; तिच्या टीव्ही जाहिरातीत 70 लाख पॉइंटला लढाऊ विमानही दाखवलं होतं. तरुणाचा हिशेब मात्र चोख होता. नियमांनुसार किमान 15 पॉइंट बाटल्या-कॅनवरचे हवेत, उरलेले 10 सेंटला एक असे विकत घेता येत. म्हणून 69,99,985 पॉइंटचे 6,99,998.50 डॉलर, वर पाठवणीचे 10, असा 7,00,008.50 डॉलरचा चेक. विमान होतं सुमारे 2.3 कोटी डॉलरचं हॅरियर!

कोर्टाची कारणं तीन:
- जाहिरात म्हणजे प्रस्ताव नव्हे. वस्तूंची यादी कॅटलॉगमध्ये होती, त्यात विमान नव्हतं.
- जाहिरातीत शाळकरी पोरगा जेटने शाळेत उतरतो, हे शहाण्या माणसाला थट्टाच वाटेल.
- एवढ्या किमतीच्या विक्रीला सहीचा लेखी करार लागतो.

पण जाहिरात कधीच बंधनकारक नसते असं समजू नका. इंग्लंडच्या कार्बॉलिक स्मोक बॉल कंपनीने आपलं औषधी उपकरण वापरूनही फ्लू झाला तर 100 पौंड देऊ, अशी जाहिरात केली होती. 1892 मध्ये ते तिला द्यावेच लागले, कारण अटी स्पष्ट होत्या आणि शब्द खरा असल्याचं दाखवायला 1,000 पौंड बँकेत ठेवल्याचंही तिने छापलं होतं. पेप्सीने नंतर जाहिरातीतला विमानाचा आकडा 70 कोटी पॉइंट केला, खाली ‘गंमत करतोय’ हेही लिहिलं.