सौर पॅनेलचा उतार आणि मोबाइलमधील अंश-रेडियन

प्रश्न : अंबड (नाशिक) येथे माझे फॅब्रिकेशनचे लहान वर्कशॉप असून आम्ही गच्चीवरील सौर पॅनेलसाठी लोखंडी स्टँड बनवतो. दोन मीटर लांबीचे पॅनेल २० अंशांच्या उतारावर बसवायचे असेल तर मागची कड पुढच्या कडेपेक्षा किती उंच घ्यावी, हे काढण्यासाठी मी मोबाइलवर साइन २० गुणिले २ केले, तेव्हा १.८३ मीटर उत्तर आले. माझ्या भाच्याच्या मोबाइलवर मात्र तेच गणित ०.६८ मीटर दाखवते. कोणाचा मोबाइल चुकतो आहे?

उत्तर : दोन्ही मोबाइल बिनचूक आहेत, पण आपल्या कामासाठी ०.६८ मीटर, नेमके सांगायचे तर ६८.४ सेंटिमीटर, हीच उंची घ्यावी. भाच्याचा कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवलेला आहे, आपला रेडियनवर. वर्तुळाच्या त्रिज्येइतक्याच लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो त्याला एक रेडियन म्हणतात, आणि तो सुमारे ५७.३ अंशांचा भरतो. आपण २० हा आकडा दिलात तेव्हा कॅल्क्युलेटरने तो २० रेडियन, म्हणजे जवळजवळ ११४६ अंश, असा धरला. त्यातून तीन पूर्ण फेऱ्यांचे १०८० अंश वजा केले की ६६ अंश उरतात. थोडक्यात, ६६ अंशांवर उभ्या केलेल्या पॅनेलची उंची आपल्याला मिळाली.

२५ अंशांचा उतार घेतला असता तर रेडियनमध्ये उत्तर उणे आले असते आणि आपल्याला तिथल्या तिथे शंका आली असती. १.८३ ही संख्या मात्र दोन मीटरच्या आत बसत असल्यामुळे खरी वाटते, आणि अशाच वेळी स्टँडचा लोखंडी अँगल चुकीच्या मापाने कापला जाण्याची भीती असते. म्हणून प्रत्येक कामाआधी साइन ३० काढून पाहावे, असा माझा आग्रह आहे. उत्तर ०.५ आले तर कॅल्क्युलेटर अंशांवर आहे, उणे ०.९८८ आले तर रेडियनवर आहे.

बटणावरील अक्षरांवर विसंबून राहू नये. आयफोनचा कॅल्क्युलेटर आडवा धरल्यावर 'रॅड' असे बटण दिसते, तेव्हा तो अंशांवरच चालू असतो. ते बटण दाबले तर तो रेडियनवर जातो आणि त्याच जागी 'डेग' दिसू लागते. म्हणजे बटणावर चालू स्थिती नसून पुढची स्थिती लिहिलेली असते. अँड्रॉइडवरील कॅल्क्युलेटर वेगवेगळे असल्याने तिथे तर साइन ३० चीच परीक्षा घ्यावी.

आधीच उभ्या असलेल्या स्टँडचा उतार मोजतानाही हीच काळजी घ्यावी लागते. समजा, दोन मीटरच्या पॅनेलला ६० सेंटिमीटर उंची दिलेली आहे, तर ०.३ चा उलटा साइन, म्हणजे ज्याचा साइन ०.३ आहे तो कोन, १७.५ अंश येतो, पण रेडियनमध्ये ०.३०५ असे उत्तर दिसते. त्याला १८० ने गुणून पायने, म्हणजे ३.१४१६ ने, भागले की अंश मिळतात.

मग रेडियन ठेवलेच कशाला, असे आपल्या मनात येईल. कलनशास्त्रातील (कॅल्क्युलसमधील) सूत्रे याच मापात सुटसुटीत राहतात, म्हणून संगणकाच्या बहुतेक भाषा आणि एक्सेलदेखील साइनसाठी रेडियनच मागतात. एक्सेलमध्ये २० अंश आधी 'रेडियन्स' या फंक्शनमधून काढून घ्यावे लागतात. ही कल्पना आपल्याकडे मुळीच परकी नाही. आर्यभटाच्या 'ज्या'-सारणीत, म्हणजे साइनच्या कोष्टकात, त्रिज्या ३४३८ धरलेली आहे, आणि एका रेडियनमध्ये कोनाच्या कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जवळजवळ तेवढ्याच भरतात!

उताराचा आकडा आपण योग्यच निवडला आहे, कारण नाशिकचे अक्षांश २० उत्तरच्या अगदी जवळ आहेत आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनेलला वर्षभराच्या विचाराने साधारण तेवढाच उतार देतात. फक्त स्टँडचे पाय पॅनेलच्या अगदी कडांना नसतील, तर पूर्ण दोन मीटर धरू नयेत. पॅनेलच्या उतारावरून मोजलेले दोन आधारांमधील अंतर १.४ मीटर असेल, तर मागचा पाय पुढच्यापेक्षा ४८ सेंटिमीटरच उंच लागेल, आणि दोन्ही पायांमधील जमिनीवरचे अंतर १.४ गुणिले कोसाइन २०, म्हणजे सुमारे १.३२ मीटर, ठेवावे लागेल.