झेपेलिन, पर्पल असताना मेटलचं श्रेय ब्लॅक सॅबथलाच का?

लेड झेपेलिन आणि डीप पर्पल हे ब्रिटिश रॉक बँडही तेव्हाच वाजवत होते, वाजवण्यात काकणभर सरसही होते, मग हेवी मेटल या जड, कर्कश रॉकचं सगळं श्रेय ब्लॅक सॅबथ या बँडला का, असं विचारलंयस. रास्त आहे प्रश्न. पण कोण भारी वाजवायचं ते सोड, तो आवाज आला कुठून ते बघ.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला पोरगा, वय १७, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरी सोडलेली, शेवटचा दिवस, दुपारी जेवायला घरी आला तर म्हणे आता परत जात नाही, आईने पिटाळला की दिवस पुरा करून ये. त्याच दुपारी मशीनमध्ये मधलं बोट आणि अनामिका, दोन्हींची टोकं गेली. तीही उजव्या हाताची, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो! मग गड्याने लिक्विड सोपची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं, बॅन्जोच्या पातळ तारा लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये गिटारचं ट्यूनिंगच तीन सेमीटोन (पेटीच्या तीन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून) खाली उतरवलं. तारा सैल, आवाज जड. आज कित्येक मेटलवाले हेच करतात, दहाही बोटं शाबूत असून.

पहिल्या अल्बमला ट्यूनिंग साधंच होतं, तिथे काम सुरांनी केलं. घरी पेटी असेल तर वाजवून बघ: सा, वरचा सा, मग मधला तीव्र म, अगदी सावकाश. झालं, बँडच्याच नावाच्या गाण्याचा रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. पाश्चात्त्य संगीतात सा ते तीव्र म या अंतराला सैतानाचं नाव चिकटलेलं, आपल्याकडे तीव्र म यमनमध्ये सुखाने नांदतो.

तो अल्बम एका दिवसात रेकॉर्ड झालाय, १३ फेब्रुवारी १९७० ला आला, समीक्षकांनी झोडपला, लोकांनी घेतला. त्याच वर्षी 'पॅरानॉइड', त्याचं टायटल साँग अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईत केलेलं, आणि तेच ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरवर गेलं.

नंतर ड्रग्ज, भांडणं, १९७९ मध्ये गायक ऑझी ऑसबोर्नला काढलं. ऑझीशिवाय सॅबथ नाहीच म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही, त्याच्या जागी गायक रॉनी जेम्स डिओ आल्यावरचा १९८० चा 'हेवन अँड हेल' ऐका आणि मग बोला. (१९८३ च्या टूरला स्टोनहेंजचा, म्हणजे इंग्लंडमधल्या प्राचीन शिळावर्तुळाचा, सेट करायला दिला, फुटांची मापं मीटरमध्ये धरली गेली, सेट हॉलमध्ये मावेना. असले प्रकारही यांच्याच नावावर.)

५ जुलै २०२५ ला मूळ चौघं परत एकत्र आले ते ॲस्टनमध्येच, व्हिला पार्क या फुटबॉल स्टेडियमवर. त्यांच्या आधी मेटॅलिका, स्लेयर हे मेटल बँड वाजवून गेलेले. ऑझीला पार्किन्सन्समुळे उभं राहवत नव्हतं, खुर्चीत बसून चार गाणी म्हटली. २२ जुलैला गेला.

तू 'पॅरानॉइड'पासून सुरू नको करूस, तिसऱ्या अल्बममधलं 'इन्टू द व्हॉइड' लाव, हेडफोन घालून. झेपेलिनवर मग भांडू.